रहीम मास्तर : शाळेच्या मैदानातून जकार्तापर्यंत

2024 च्या ईदला मैदान नावाचा सिनेमा आला आणि आपल्याकडच्या कित्येक घरांत सय्यद अब्दुल रहीम हे नाव पहिल्यांदाच कानावर पडलं. अजय देवगणने केलेली भूमिका मुलांनी पाहिली, दोन दिवस शाळेत त्याची चर्चा झाली, मग परीक्षा आल्या आणि विषय मागे पडला. आमच्या वर्गातल्या एका मुलाने तेव्हा विचारलं होतं की हे साहेब आधी काय करायचे. मास्तर होते, असं आम्ही सांगितलं तर त्याला ते पटेना. सगळ्या देशाच्या टीमचा कोच आणि तो साधा शाळामास्तर? त्याला ही चेष्टाच वाटली.

म्हणून आज हा लेख. सिनेमात कोच दिसला, आम्हाला सांगायचं आहे ते मास्तरबद्दल. आपल्या समाजात मास्तर पुष्कळ आहेत. खेळाचा तास मात्र दिवसेंदिवस कमी होत चालला आहे. रहीम साहेबांची गोष्ट या दोन्हींशी जोडलेली आहे.

शाळा, कॉलेज आणि पुन्हा शाळा

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म 17 ऑगस्ट 1909 रोजी हैदराबादमध्ये झाला. तो निजामाचा जमाना. आजचा मराठवाडाही तेव्हा त्याच संस्थानात होता, म्हणजे औरंगाबाद, नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांची राजधानी हैदराबादच होती. आपल्या गोंदियाहूनही ते फार परकं नाही. बल्लारशाहची गाडी धरायची, पुढे काझीपेठ आणि मग हैदराबाद.

1918 मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण मिळत होतं. रहीम साहेब तिथेच शिकले आणि तिथेच फुटबॉल खेळले. त्या विद्यार्थ्यांची टीम इलेव्हन हंटर्स या नावाने ओळखली जायची. पुढे शहरातल्या कमर क्लबकडूनही ते खेळले. खेळाडू म्हणून चांगले होते, पण त्यांचं नाव मोठं झालं ते शिकवण्यामुळे.

पदवी घेतल्यावर त्यांनी शिक्षकाची नोकरी धरली. काचीगुडा मिडल स्कूल, उर्दू शरीफ स्कूल, दारुल उलूम हायस्कूल आणि चादरघाट हायस्कूल या शाळांमधून त्यांनी काम केलं. मध्येच शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शेवटच्या दोन शाळांमध्ये खेळाची सगळी जबाबदारी त्यांच्याकडे आली.

ही पदविका नीट समजून घ्या. हातात पदवी होती, नोकरी होती, आणि तरीही हा माणूस पुन्हा वर्गात जाऊन बसला. चांगलं खेळता येतं म्हणून शिकवताही येतं, असं होत नाही हे त्यांना ठाऊक होतं. मुलाचं शरीर कसं वाढतं, दम कसा वाढवायचा, कोणत्या वयात काय शिकवायचं, याला इल्म लागतो. आज आम्ही बी.एड. झालेले शिक्षकसुद्धा पीटीचा तास म्हटला की मुलांच्या हातात चेंडू देतो आणि स्वतः वह्या तपासत बसतो. तो तास रहीम साहेबांनी अभ्यासाचा विषय मानला. पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

मुलांसाठी नवे कायदे

1943 मध्ये ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि शेवटपर्यंत हे पद त्यांच्याकडे राहिलं. सचिव म्हटलं की सामने लावायचे, पत्रव्यवहार करायचा, हिशेब ठेवायचा. रहीम साहेबांनी त्या खुर्चीत बसूनही मास्तरकी सोडली नाही.

त्या काळी आपल्याकडच्या फुटबॉलमध्ये ज्याच्या पायात चेंडू तो राजा. एकट्याने चारजणांना चकवत पळायचं, लोकांनी टाळ्या वाजवायच्या आणि शेवटी चेंडू घालवून बसायचं. रहीम साहेबांनी यावर भाषण दिलं नाही, स्पर्धाच भरवली. नियम एकच, ड्रिब्लिंग करायचं नाही. चेंडू आला की पास द्यायचा. आता पोरांना मान वर करून बघावंच लागलं की आपला साथी कुठे उभा आहे. चार महिने ओरडून जे झालं नसतं ते एका नियमाने झालं.

दुसरी स्पर्धा कमजोर पायाची. उजव्या पायाने खेळणाऱ्याने डाव्या पायानेच खेळायचं. सुरुवातीला हसं व्हायचं, चेंडू भलतीकडेच जायचा. पण काही आठवड्यांत दोन्ही पाय कामाचे होत. शिवाय लहान मुलांना मोठ्यांच्या धक्क्याखाली चिरडू न देता त्यांच्या जोडीच्या मुलांशी खेळता यावं म्हणून वेगळ्या स्पर्धा भरवल्या. धावण्याच्या वेगावर आणि दमावर भर दिला.

कोणत्याही चांगल्या गणिताच्या शिक्षकाला हे ओळखीचं वाटेल. मुलाला जे जमतं तेच तो पुन्हा पुन्हा करतो. जे जमत नाही त्याची उदाहरणं मुद्दाम द्यावी लागतात. रहीम साहेबांनी मैदानावर तेच केलं. यात पैसा लागला नाही, मोठं स्टेडियम लागलं नाही, परदेशी तज्ज्ञ लागला नाही.

हैदराबाद पोलीस आणि मुंबईचं कूपरेज

सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. मराठवाड्यात 17 सप्टेंबर हा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो. त्या बदलाची दुसरी बाजूही आपण विसरू नये. हैदराबादच्या मुस्लिम कुटुंबांसाठी ती वर्षं सोपी नव्हती. कित्येकांच्या सरकारी नोकऱ्या गेल्या, कित्येक घरं पाकिस्तानला निघून गेली, राहिलेल्यांच्या मनात उद्याची काळजी होती.

अशा वेळी, 1950 मध्ये, रहीम साहेबांनी हैदराबाद सिटी पोलीस टीमची सूत्रं हातात घेतली. मुंबईत कूपरेज मैदानावर होणारी रोव्हर्स कप ही देशातल्या सगळ्यात जुन्या आणि मानाच्या स्पर्धांपैकी एक. सुरुवातीची कितीतरी वर्षं ती गोऱ्या पलटणींच्याच हातात होती. 1937 मध्ये बंगलोर मुस्लिम्स या टीमने ती जिंकून तो पहारा मोडला होता. आता हैदराबाद पोलिसांनी 1950 पासून 1954 पर्यंत सलग पाच वेळा हा कप नेला. 1950 च्या मोसमात ड्युरँड कपही जिंकला. कलकत्त्याचे बलाढ्य क्लब, लष्कराच्या टीमा, सगळ्यांना हैदराबादची ही पोलिसांची टीम भारी पडत होती.

या टीममध्ये मुस्लिम खेळाडू मोठ्या संख्येने होते. दोन वर्षांपूर्वी ज्या शहराकडे सारा देश संशयाने पाहत होता, त्याच शहरातून आलेली पोरं मुंबईच्या मैदानावर उतरायची आणि कूपरेजचे लोक त्यांचा खेळ बघायला गर्दी करायचे. रहीम साहेबांनी कुठे मोर्चा काढला नाही, निवेदन दिलं नाही. आपल्या कामात अव्वल राहायचं, एवढंच केलं. मोर्चे, निवेदनं वाईट असं आम्ही म्हणत नाही, त्यांचीही गरज असते. पण इज्जत कमावण्याचा हाही एक रस्ता आहे आणि तो कुणी अडवू शकत नाही.

दिल्लीचं सोनं, हेलसिंकीचा धडा

याच सुमारास भारतीय संघाची जबाबदारीही त्यांच्यावर आली. मार्च 1951 मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या. अंतिम सामन्यात मेवालालच्या गोलवर भारताने इराणला 1-0 असं हरवलं आणि फुटबॉलचं सुवर्णपदक मिळवलं. देश स्वतंत्र होऊन चार वर्षंसुद्धा झाली नव्हती. आनंद मोठा होता.

पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये हा आनंद उतरला. पहिलाच सामना युगोस्लाव्हियाशी. निकाल 10-1. आपला एकमेव गोल अहमद खानने केला. फिनलंडची थंडी, ओलं मैदान आणि आपले बरेच खेळाडू अनवाणी. युगोस्लाव्हिया साधीसुधी टीम नव्हती, त्या स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवलं. तरीही दहा गोल म्हणजे दहा गोल.

अनवाणी खेळण्याचा आपल्याकडे मोठा अभिमान होता. 1948 मध्ये लंडनला आपली टीम अशीच खेळली होती, फ्रान्सशी फक्त 2-1 ने हरली होती, आणि बिनबुटांच्या पायांचं जगभर कौतुक झालं होतं. पण कौतुकाने सामने जिंकता येत नाहीत. हेलसिंकीनंतर भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले.

एवढ्या मोठ्या पराभवानंतर आपल्याकडे साधारण काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. कोचला घरी पाठवायचं, खेळाडूंना शिव्या द्यायच्या, नशिबाला दोष द्यायचा. रहीम साहेबांनी हा पराभव नापास विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेसारखा वाचला. कुठे चुकलं, का चुकलं, पुढच्या वेळी काय करायचं. हंगेरीचा संघ तेव्हा जगाला नवं फुटबॉल शिकवत होता. आघाडीचा मधला खेळाडू थोडा मागे खेचायचा, म्हणजे समोरच्या बचावपटूला कळत नाही की त्याच्यामागे जायचं की जागेवर थांबायचं. रहीम साहेबांनी ही रीत उचलली आणि आपल्या मुलांच्या ताकदीप्रमाणे बसवली. पुढे चार बचावपटू, मध्ये दोघे आणि आघाडीला चौघे ही 4-2-4 ची मांडणीही त्यांनी भारतीय संघात रुजवली. हीच मांडणी ब्राझीलने 1958 च्या विश्वचषकात साऱ्या जगाला दाखवली.

मेलबर्न 1956

1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार प्रांतरचना झाली. हैदराबाद राज्य विभागलं गेलं, मराठवाडा मुंबई राज्यात आला. मध्य प्रदेशात असलेला आपला विदर्भही, भंडारा-गोंदियासकट, त्याच दिवशी मुंबई राज्यात आला. त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये ऑलिम्पिक सुरू झालं.

भारताची पहिली लढत हंगेरीशी होती, पण हंगेरीने माघार घेतली आणि आपण पुढे गेलो. मग समोर आलं यजमान ऑस्ट्रेलिया. तो सामना भारताने 4-2 असा जिंकला. मुंबईच्या टाटा संघाकडून खेळणाऱ्या, मूळच्या गोव्याच्या नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. आणि ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत जाणारा भारत हा पहिला आशियाई देश.

उपांत्य फेरीत पुन्हा तोच युगोस्लाव्हिया. चार वर्षांपूर्वी दहा गोल मारणारा. मध्यंतरापर्यंत एकही गोल नाही. मध्यंतरानंतर पहिला गोल झाला तो भारताचा, पुन्हा नेव्हिलचाच. शेवटी आपण 4-1 ने हरलो, कांस्यपदकाच्या सामन्यातही बल्गेरियाने 3-0 ने हरवलं आणि भारत चौथा आला. पण 10-1 पासून या निकालापर्यंतचा प्रवास फक्त चार वर्षांचा आहे. भारतीय फुटबॉलने ऑलिम्पिकमध्ये याहून वरची जागा आजवर कधी मिळवलेली नाही.

त्या संघात नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, अब्दुल सलाम, अहमद हुसेन, झुल्फिकारुद्दीन, तुलसीदास बलराम अशी हैदराबादकडची मंडळी होती. काल ज्यांना बिनड्रिब्लिंगच्या स्पर्धेत पास द्यायला लावलं, तीच फळी आज जगासमोर उभी होती.

सायकलचं भाडं

तुलसीदास बलराम हा सिकंदराबादजवळच्या वस्तीतल्या गरीब घरातला मुलगा. खेळ उत्तम, पण सरावाला रोज हैदराबादला यायचं कसं? खिशात पैसे नाहीत, घरी सांगावं तर तिथेही अडचण. रहीम साहेबांनी त्याला भाड्याच्या सायकलसाठी पदरचे पैसे द्यायला सुरुवात केली. सायकलवरून येणारा हा मुलगा पुढे मेलबर्न, रोम आणि जकार्ता अशा तिन्ही ठिकाणी भारताकडून खेळला. रोममध्ये हंगेरीविरुद्ध आणि पेरूविरुद्ध भारताचे गोल त्यानेच केले.

आपण शिष्यवृत्तीच्या, ट्रस्टच्या, मोठमोठ्या योजनांच्या गोष्टी करतो. त्या हव्यातच. पण पुष्कळदा एका मुलाचं आयुष्य फक्त सायकलच्या भाड्यापाशी अडलेलं असतं. मास्तरचं लक्ष असेल तर ते दिसतं. रहीम साहेबांना ते दिसलं. मुलगा कोणत्या धर्माचा, कोणत्या जातीचा, कोणती भाषा बोलणारा, हे त्यांनी पाहिलं नाही.

आणखी एक गोष्ट. त्यांचा मुलगा सय्यद शाहिद हकीम हाही चांगला फुटबॉलपटू होता. 1960 च्या रोम ऑलिम्पिकच्या संघात त्याची निवड झाली. कोच वडीलच. भारताचे तीन सामने झाले. हंगेरीशी 2-1 ने हार, फ्रान्सशी 1-1 बरोबरी, पेरूशी 3-1 ने हार. या तिन्हींपैकी एकाही सामन्यात हकीमला मैदानावर उतरवलं गेलं नाही. मुलाला ऑलिम्पिक खेळाडू म्हणवून घेता यावं म्हणून शेवटच्या सामन्यात उतरवणं वडिलांच्या हातात होतं. तसं झालं नाही. आपल्याकडे वशिल्याची तक्रार प्रत्येकजण करतो, आणि स्वतःच्या मुलाची वेळ आली की प्रत्येकजण वशिला शोधतो. अशा वेळी रहीम साहेबांचं हे एक उदाहरण आठवावं. हकीम साहेब पुढे हवाई दलात अधिकारी झाले, फिफाचे पंच झाले, कोच झाले, 2017 मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. 2021 मध्ये त्यांचा इन्तेकाल झाला.

जकार्ता 1962

रोमहून परतल्यावर दोन वर्षांनी जकार्ताच्या आशियाई स्पर्धा आल्या. तोवर कर्करोगाने रहीम साहेबांचं शरीर पोखरायला सुरुवात केली होती. सिगारेटची सवय त्यांना फार होती, हेही इथे सांगायला हवं. मोठ्या माणसाच्या चांगल्या गोष्टी घ्याव्यात आणि चुकांपासून धडा घ्यावा. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही हेही सांगतो.

जकार्तात सुरुवात वाईट झाली. दक्षिण कोरियाकडून 2-0 ने हार. मग थायलंडवर 4-1 आणि जपानवर 2-0 असे विजय मिळवून भारत उपांत्य फेरीत गेला. पण थायलंडच्या सामन्यात बचावाचा कणा असलेल्या जर्नेलसिंगच्या डोक्याला मोठी जखम झाली, टाके पडले. बचावपटूला तर सतत डोक्याने चेंडू परतवावा लागतो. आता याला बसवायचं की खेळवायचं?

रहीम साहेबांनी जर्नेलला आघाडीला उभं केलं. बचावपटूला थेट गोल मारायच्या जागेवर. दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या उपांत्य सामन्यात भारत 3-2 ने जिंकला, त्यातला एक गोल जर्नेलचा होता.

4 सप्टेंबर 1962 रोजी अंतिम सामना झाला, पुन्हा दक्षिण कोरियाशी. वातावरण भारताच्या पूर्ण विरोधात होतं. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नव्हतं, भारताचे क्रीडा अधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर हरकत घेतली होती आणि त्यामुळे जकार्तातले लोक भडकले होते. भारतीय दूतावासावर जमाव चालून गेला होता. स्टेडियममध्ये जवळपास एक लाख माणसं आणि जवळजवळ सगळी भारताच्या विरोधात ओरडणारी. आपल्या बाजूने टाळ्या वाजवणाऱ्यांत होते ते पाकिस्तानच्या हॉकी संघाचे खेळाडू. त्याच स्पर्धेत हॉकीच्या अंतिम सामन्यात त्यांनी भारताला हरवून सुवर्ण घेतलं होतं. खेळात असंही होतं.

तापातून उठलेल्या पीटर थंगराजला रहीम साहेबांनी गोलमध्ये उभं केलं. चुनी गोस्वामी कर्णधार. मुंबईच्या कॅल्टेक्सकडून खेळणारा ओ. चंद्रशेखर आणि टाटाकडून खेळणारा फ्रँको हेही त्या संघात होते. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जीने पहिला गोल केला. तीनच मिनिटांनी दुसरा गोल झाला, टाके घातलेल्या डोक्याच्या जर्नेलसिंगचा. कोरियाने शेवटी शेवटी एक गोल फेडला, पण तोवर उशीर झाला होता. 2-1. भारताला सुवर्ण.

एका बंगाली हिंदूने पहिला गोल केला, एका शीखाने दुसरा, गोल राखला एका तमिळ ख्रिश्चनाने आणि या सगळ्यांना एकत्र बांधणारा हैदराबादचा मुसलमान मास्तर बाजूला बसला होता. कुणी हे ठरवून जमवलं नव्हतं. ज्याला जे जमतं त्याला ते काम द्यायचं, एवढाच हिशेब होता.

घरी परतल्यावर आजार वाढत गेला. 11 जून 1963 रोजी हैदराबादच्या या मास्तरचा इन्तेकाल झाला. वय अवघं 53 वर्षं.

मागे काय राहिलं

त्यानंतर भारताला आशियाई स्पर्धेत फुटबॉलचं सुवर्ण कधीच मिळालं नाही. 1970 मध्ये बँकॉकला कांस्य मिळालं, तेव्हा कर्णधार हैदराबादचेच सय्यद नईमुद्दीन होते. ऑलिम्पिकमध्ये तर 1960 च्या रोमनंतर भारतीय फुटबॉल संघ पोचलेलाच नाही. रोव्हर्स कप 2000-01 नंतर बंद पडला. हैदराबादचे चांगले खेळाडू पैशासाठी कलकत्त्याच्या क्लबांकडे गेले, त्यात त्यांची काही चूक नव्हती. पण मागून नवी मुलं तयार करणारा हात राहिला नाही आणि झरा आटला.

प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार 1985 मध्ये सुरू झाला, रहीम साहेबांच्या जाण्यानंतर बावीस वर्षांनी. फुटबॉलसाठी तो 1990 मध्ये नईमुद्दीन यांना मिळाला. म्हणजे पुरस्कार त्यांच्या शहरापर्यंत पोचला, पण त्यांच्या हयातीत नाही. त्यांची ओळख आपल्याला करून द्यायला साठ वर्षांनी एक सिनेमा यावा लागला.

आम्हाला याहून जास्त काळजी वाटते ती आपल्या शाळांची. धान कापून झालं की आपल्या जिल्ह्यातली पोरं रिकाम्या बांध्यांमध्ये दिवसभर खेळताना दिसतात. पायात चप्पल नाही, चेंडू फाटका, पण दम बघा! हीच पोरं शाळेत आली की खेळाचा तास गणिताला जातो किंवा कुठल्या तरी कार्यक्रमाच्या तयारीत जातो. आठवीनंतर मुली तर मैदानावरून दिसेनाशाच होतात. पालकसभेत शिकवणीबद्दल दहा प्रश्न येतात, मैदानाबद्दल एकही नाही. यात पालकांना दोष देण्याआधी आम्ही शिक्षकांनी स्वतःकडे पाहावं. आम्हीच तो तास सोडून दिला आहे.

खेळून काय मिळणार, असं विचारणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं. महाराष्ट्रात दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. शाळांसाठी सुब्रतो कपसारखी स्पर्धा 1960 पासून चालू आहे आणि त्यात मुलींचाही गट आहे. या सगळ्यासाठी वेळेवर नाव नोंदवावं लागतं, प्रमाणपत्र जपावं लागतं, जिल्हा क्रीडा कार्यालयात खेटे घालावे लागतात. हे काम पालकाला जमत नसेल तर ते मास्तरने करावं. रहीम साहेबांनी असोसिएशनचं दप्तर वीस वर्षं असंच सांभाळलं होतं.

आणि नोकरी नाही मिळाली, पदक नाही मिळालं, तरी पास द्यायला शिकलेला मुलगा घरात, मोहल्ल्यात, मशिदीच्या कमिटीत, कुठेही वेगळा वागतो. चेंडू आपल्याच पायात ठेवण्याची खोड ही काही फक्त फुटबॉलमधली नाही, हे आपण सगळे जाणतो.

गावातल्या प्रत्येक शाळेतून रहीम साहेब निघणार नाहीत. पण प्रत्येक शाळेत एखादा बलराम असतो, सायकलच्या भाड्यापाशी अडलेला. येत्या सोमवारी खेळाचा तास असेल तेव्हा वह्या बाजूला ठेवून आम्ही मैदानावर जाणार आहोत. एक खेळ बिनड्रिब्लिंगचा घेऊ. मुलांनाही आणि मुलींनाही. पालकांनी फक्त एवढं करावं, की संध्याकाळी मूल मातीने भरलेले कपडे घेऊन घरी आलं तर त्याला रागावू नये.

अल्लाह तआला मरहूम सय्यद अब्दुल रहीम साहेबांची मगफिरत करो आणि आम्हा शिक्षकांना त्यांच्यासारखी खिदमत करण्याची तौफिक देवो. आमीन.